बैलांसमोर वाजवायचा तवा

१९७९ साल. मी एकतीस वर्षांचा होतो, आणि त्या साली पौषात भरलेल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एका गाण्याच्या रेकॉर्डपायी माझ्या पाठीत तुतारीचा खिळा घुसला. तुतारी म्हणजे बैल हाकलायची काठी, टोकाला खिळा ठोकलेली. ती बैलासाठी असते. माझ्या पाठीत खुपसली ती माझ्याच गावच्या माणसानं.

गाण्यापायी कोणी मारतं का, असं लोक मला विचारतात. मारतं. मी लाऊडस्पीकरचा धंदा केला. कर्ण्यासारखा पोंगा, मशीन, बॅटरी आणि तव्यांची पेटी घेऊन लग्नात गेलो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गेलो, पटात गेलो. रेकॉर्डला आम्ही तवा म्हणायचो. तर गाण्यावरून जितकी डोकी फुटलेली मी पाहिली, तितकी शेताच्या धुऱ्याबांधावरूनही पाहिली नाहीत. लाखांदुराकडच्या एका लग्नात वरातीतल्या पोरांना नाचाचं गाणं पाहिजे होतं आणि मुलीकडच्या म्हाताऱ्यांना भजन. मी नाचाचं लावलं, तर भजनवाल्यांनी पोंगाच झाडावरून ओढून खाली पाडला. तो ज्याच्यावर पडला त्याचा कान अर्धा लोंबला. त्या माणसानं हातातली पुरी आधी नीट ताटात ठेवली, एका हातानं कान दाबला आणि दुसऱ्या हातानं माझी मान धरली. त्यात माझा काही दोष नव्हता. पण मान जवळ होती ती माझी.

तेव्हापासून मी तवा निवडायला शिकलो. कोणी शिकवलं नाही. मी तिसरीत शाळा सोडली. मास्तरनं छडीनं माझी बोटं फोडली, मी ती छडी मोडून त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. पुन्हा गेलो नाही. त्यामुळं कव्हरावर काय लिहिलेलं आहे ते मला वाचता यायचं नाही. मी चित्रावरून तवा ओळखायचो. नदी आणि नाव असलेला, लाल साडीवाला, नुसत्या सनईवाला.

लहान तव्यावर एकदोन गाणी असतात. ते आवडलं नाही तर उचलता येतं. मोठ्या तव्याचं तसं नाही. एका बाजूला पाचसहा गाणी, आणि ती बाजू एकदा लावली की पूर्ण जाऊ द्यावी लागते. मधून सुई उचलली की लोकांचं लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की कोणीतरी फर्माईश करतो, आणि फर्माईश केली की दुसरा त्याच्या अंगावर जातो. म्हणून मला पूर्ण बाजू चांगली असलेला तवा पाहिजे असायचा. असे तवे फार कमी. एक तवा मी आनंदानं घेतला, चार गाणी लोण्यासारखी होती, पाचव्यात मध्येच बंदुकीचा आवाज. तो मी दुकानदाराच्या तोंडावर परत नेऊन टाकला. शहापूरजवळ एका बौद्ध घरच्या लग्नात वंदना झाल्यावर मी तवा लावला, आणि त्यात तिसरं गाणं देवाच्या आरतीचं निघालं. तिथला म्हातारा माझ्याजवळ आला आणि हलकेच म्हणाला, भाऊ, आमच्या मांडवात हे नको. मी काढलं. त्या माणसानं मला मारलं नाही, म्हणून तो मला आठवतो.

भंडाऱ्याच्या दुकानात गेलो की मी दुकानदाराला सांगायचो, पूर्ण बाजू लाव. आणि मी रस्त्याकडं तोंड करून बसायचो. त्याला वाटायचं, हा खेडूत गाणं ऐकतच नाही. मी गाणं ऐकत नव्हतोच, मी रस्ता पाहत होतो. सायकलवाला ब्रेक दाबून थांबला, तर तो तवा मला नको. समोरच्या पानठेल्यावरच्या माणसानं कपाळाला आठी घातली, तरी नको. पानाला चुना लावणाऱ्याचं बोट थांबत नाही आणि मान मात्र हलते, तो तवा माझा. कारण माझं गाणं ऐकायला कोणीच येत नव्हतं. लोक जेवायला येत, नवरी पाहायला येत, बैल पाहायला येत. कापणीच्या दिवसात धानाचा वास जसा नाकात जातो, कोणी मुद्दाम घेत नाही, तसं गाणं कानात गेलं पाहिजे. जो गाण्यातला मोठा जाणकार आहे त्यानं घरी रेडिओ लावावा. माझ्याजवळ येऊन शहाणपण करू नये.

घरी आणल्यावर दुसरी परीक्षा. बायको सुपानं तांदूळ पाखडत बसली की मी तिला न सांगता मशीन सुरू करायचो. सुपाचा ठेका बिघडला की तवा बाजूला. आणि तिसरी परीक्षा गोठ्यात. माझे दोन बैल रवंथ करत बसलेले असायचे. तवा वाजू लागल्यावर रवंथ थांबली, कान उभे झाले, तर तो तवा पटात न्यायचा नाही.

ही तिसरी परीक्षा मी उगाच घेत नव्हतो. आदल्या साली त्याच पटात दुसरा एक मशीनवाला होता. त्यानं जोड्या सुटायच्या वेळेला बॅन्डबाजाचा तवा लावला, लोकांना जोश यावा म्हणून. पितळी वाजे एकदम कडाडले आणि एका जोडीतला उजवा बैल बुजून वाट सोडून निघाला. धावायच्या वाटेच्या एका अंगाला लोकांची गर्दी असते आणि ती गर्दी संपली की त्याच अंगाला तलावाची पाळ, दगडांनी बांधलेली. छकडा हाकणाऱ्याला आमच्याकडं धुरकरी म्हणतात. कासरा सुटू नये म्हणून धुरकरी तो मनगटाला गुंडाळून बांधतो. तसा त्याचा रिवाज आहे, कासरा सोडणं म्हणजे लाज. छकडा उलटला, धुरकरी खाली पडला आणि बैल त्याला मनगटानं ओढत पाळीच्या दगडांवरून घेऊन गेले. मी धावत गेलो तेव्हा त्याच्या डोक्याची एक बाजू राहिली नव्हती. कासरा मनगटातून सुटत नव्हता. मी विळ्यानं कापला. त्याचा हात बैलाच्या ओढीनं खांद्यातून इतका लांब झाला होता की मला तो आणखी कोणाचा वाटला.

म्हणून ह्या साली पटाचे लोक मला बोलवायला आले तेव्हा मी एकच अट घातली. जोड्या उभ्या असताना मशीनला फक्त माझा हात लागेल. मी सकाळपासून एकसारखे संथ तवे लावीन, आवाज एकसारखा ठेवीन, म्हणजे बैलांना आणि लोकांना दोघांनाही तो आवाज नसल्यासारखा होईल. त्यांनी कबूल केलं.

त्या पटात माझ्या गावचा एक मोठा शेतकरी जोडी आणणार होता. त्याला सगळे मालक म्हणत. तलावाखालचं धानाचं चांगलं शेत सगळं त्याचं. दिवाळीनंतर त्यानं मला घरी बोलावलं होतं, त्याच्या रेकॉर्ड प्लेयरची सुई घासत होती म्हणून. प्लेयर ठेवला होता गोठ्यात. मला नवल वाटलं. सुई बदलल्यावर मालक म्हणाला, लावून पाहा. नागपूरहून आणलेला नवा तवा होता, चकचकीत कव्हराचा. सुरुवातीला बारीक बासरी, आणि मग एकदम ढोल पडायचा, छातीवर लाथ बसावी तसा. ढोल पडला आणि मालकाच्या पुतण्यानं, पंचवीसेक वर्षांचा धट्टाकट्टा गडी तो, दोन्ही बैलांच्या पुठ्ठ्यात तुतारी खुपसली. बैल दाव्याला हिसका देऊन उडाले. पुठ्ठ्यावर जुन्या खपल्या होत्या, त्यांच्यावरून नवं रक्त वाहत खुरापर्यंत गेलं. मग त्यांना गूळ दिला. पुन्हा बासरी, पुन्हा ढोल, पुन्हा खिळा. मालक खूष होऊन मला म्हणाला,

“माह्या बैलायले हे गानं लय आवडते. पटात हेच लावजो, मग पाहा कसे पळतेत.”

मी म्हणालो, “मालक, बैलायले गानं आवडत नाही. ते खिळ्याले भेतात.”

तो हसला. तू तवे पाहा, बैल मी पाहतो, असं म्हणाला. मी आणखी एवढंच सांगितलं की हा तवा मी पटात लावणार नाही. त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्यासारखा माणूस नाही म्हणतो आणि ते खरंच नाही असतं, हे त्याला पटायला वेळ लागत होता.

पटाच्या दिवशी माझी मशीन मोहाच्या झाडाखाली एका बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, मांडली होती आणि पोंगा वर फांदीला बांधला होता. सकाळपासून चांगलं चाललं होतं. लोक चहा पीत होते, भजी खात होते, जोड्या सुटत होत्या. नदीनावेचा तवा एकदा झाला, सनईचा झाला, पुन्हा नदीनावेचा लावला. कोणाचंच माझ्याकडं लक्ष नव्हतं, म्हणजे माझं काम बरोबर होतं. एक धुरकरी पडून त्याचा पाय चाकाखाली आला आणि नडगीचं हाड बाहेर दिसलं, पण ते त्याच्या बैलांच्या ओढीनं, गाण्यानं नाही. त्याला खाटेवर टाकून नेला आणि पुढच्या जोड्या उभ्या राहिल्या. पट असाच असतो.

दुपारनंतर पटाचा माणूस माइकवर जोड्या पुकारायला आला, आणि त्यानं मालकाच्या जोडीसमोर माझ्या जवायाची जोडी पुकारली.

जवाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुसऱ्या गावचा. त्याच्या बापानं नवे गोऱ्हे घेतले होते, जेमतेम शिकवलेले, तोंडाला फेस आणि डोळे सारखे फिरते. जवाई स्वतः धुरकरी होता. बहिणीचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि ती पोटुशी होती. चिठ्ठीनं त्याला वाट मिळाली ती पाळीकडची. मी बंडीवरून पाहिलं तर तो कासरा मनगटाला गुंडाळत होता.

तेवढ्यात मालकाचा पुतण्या आला. तो चकचकीत तवा छातीशी धरलेला, मागं तुतारीवाले दोन गडी.

“काका सांगून राहिले, हा लाव.”

मी सांगितलं की एक लागलेला आहे.

“तो काढ.”

“नाही काढत.”

“काहून?”

“तिकडं माहा जवाई उभा आहे. त्याच्या गोऱ्ह्यायनं असा ढोल कधी ऐकला नाही. ते सीधे पाळीवर जातीन.”

पुतण्यानं तिकडं पाहिलं, पाळीकडं पाहिलं, आणि हसला. म्हणाला, “जाऊ दे. तुह्या बहिनीचं दुसरं लगन, पाट, आम्ही लावून देऊ. त्याच्यात हाच तवा वाजवजो.”

मी बंडीवरून उतरलो नाही. बसल्या जागेवरून त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. त्याचा पुढचा दात माझ्या बोटाच्या पेरात रुतला आणि तिथंच तुटला. दातही तुटला आणि माझं कातडंही फाटलं, रक्त कोणाचं किती ते कळायला मार्ग नव्हता. तो तोंड धरून मागं गेला, आणि त्याच वेळेला मागून एका गड्याचा खिळा पाठीत आला. मी सुरुवातीला सांगितला तो हाच. खिळा आत जाताना काही वाटत नाही, ओढून काढतात तेव्हा वाटतं. दुसऱ्या गड्यानं माझे केस धरून मला बंडीच्या फळीवर पाडलं आणि मानेवर गुडघा ठेवला. माझा डावा हात फळीच्या कडेला लोंबत होता. पुतण्यानं तुतारीचा जाड बुंधा उलटा धरून त्या हातावर मारला. करंगळी मोडल्याचा आवाज मला गाण्यातून ऐकू आला, एवढं माझं गाणं हळू होतं.

मग त्यानं मशीनला हात लावला.

सुई तव्यावरून आडवी फरफटली. पोंग्यातून असा आवाज गेला की अख्खं पटाचं रान गप्प झालं. मी पडल्या पडल्या पाहिलं, जवायाच्या गोऱ्ह्यांचे कान उभे झाले होते. नदीनावेचा तवा पुतण्यानं चाकासारखा दूर फेकला आणि स्वतःचा मशीनवर ठेवला. झेंडीवाला हात वर करून उभा होता. पटाच्या लोकांपैकी कोणी मध्ये आलं नाही. मालक समोरच खुर्ची टाकून बसला होता, आणि ज्यांनी माझी अट कबूल केली होती ते त्याच्या बाजूला उभे राहून माझ्याकडं पाहत नव्हते.

बासरी सुरू झाली. बारीक, गोड. मला माहीत होतं की ती संपली की ढोल पडतो, आणि ढोल पडला की एका वाटेवरचे बैल खिळ्याच्या भीतीनं उडतील आणि दुसऱ्या वाटेवरचे नव्या आवाजाच्या भीतीनं. आणि माझ्या बहिणीचा नवरा मनगटानं बांधलेला होता.

मानेवरच्या गुडघ्याची मांडी माझ्या तोंडाजवळ होती. मी तिला चावलो. कापडासकट चावलो, दात दातांना भिडेपर्यंत. तो ओरडून उठला. मला मशीनपर्यंत सरकायला तेवढं पुरलं. सुई उचलली असती तर पुतण्यानं पुन्हा ठेवली असती. तवा फोडला असता तर मालकाच्या घरी दुसरा असेल. सुई ज्या दांडीला बसवलेली असते ती दांडी मी उजव्या हाताच्या मुठीत धरली आणि पिरगाळून मुळातून उपटली. तारा तुटल्या. पोंगा एकदा गुरगुरला आणि बंद झाला. खाली तवा नुसता फिरत होता.

ती मशीन माझी होती. ती मोडायचा हक्क फक्त मला होता.

एकदम शांत झालं. पुढचं मी माणसांच्या पायांमधून पाहिलं, कारण मला बंडीवरून खाली ओढलं होतं आणि लाथा सुरू झाल्या होत्या. शांततेनं जवायाचा डावा गोऱ्हा बावचळला. दिवसभर कानावर असलेला आवाज गेला म्हणून त्यानं मान वर केली आणि आडवं पाऊल टाकलं, पाळीकडं. जवाई त्याच्याशी बोलत होता, होरे राजा, होरे, असं काहीतरी, ओठ हलताना दिसत होते. गोऱ्ह्यानं पाऊल मागं घेतलं. झेंडी पडली.

एक लाथ बरगडीत, एक कानशिलावर. एक डोळा सुजून बंद झाला. उघड्या डोळ्यानं मी जवायाला पाहत होतो. गोऱ्हे नीट पळत नव्हते, मागं राहिले होते, पण वाट सोडली नव्हती. पाळीचे दगड आले. त्या जागी आदल्या साली मी कासरा कापला होता. जवाई वाकून उभा होता, ओरडत होता, आणि दगड मागं गेले. तो पुढं गेला. जिवंत पुढं गेला.

माइकच्या तारा वेगळ्या होत्या, त्या तुटल्या नव्हत्या. पटाच्या माणसानं पुकारलं की मालकाची जोडी जिंकली. चांगल्या अंतरानं जिंकली. बिनगाण्याची.

पुतण्याची तुतारी माझ्या डोक्यावर उचललेली होती. ते ऐकून तो थांबला. मी खालूनच त्याला विचारलं,

“जिंकला ना तुहा काका? मग आता काहून हानून राहिला बे?”

त्यानं खरंच थोडा विचार केला. मग हाणली. कपाळ फुटलं ते तेव्हा.

त्याच्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. जवायाच्या गावचे लोक काठ्या घेऊन धावून आले, त्यांच्या गावच्या पोराच्या साळ्याला मारतात म्हणून नाही तर त्यांची जोडी हरली म्हणून. छकड्याची उभारी, म्हणजे बाजूचा खुंट, उपटून एकानं पुतण्याच्या खांद्यावर मारली आणि तो बसला तो पुन्हा भांडायला उठला नाही. भज्याची कढई उलटली, तेलात एकाचा पाय पडला, त्याची किंकाळी बाकीच्या सगळ्या आवाजांवरून ऐकू आली. माझ्या पेटीतले तवे पायाखाली गेले. काळ्या तुकड्यांवर अनवाणी माणसं धावत होती आणि त्यांच्या टाचा चिरत होत्या. साकोलीहून आलेले दोन शिपाई दुपारपर्यंत झाडाखाली बसून होते, ते आता आले आणि जो जवळ सापडेल त्याला लाठीनं मारू लागले. मी सर्वांत जवळ होतो, जमिनीवरच होतो. मलाही बसल्या. बोलून कोणाला काही समजावं असा तो दिवस नव्हता.

भांडण शमल्यावर जवाई माझ्याजवळ आला. मी मोहाच्या बुंध्याला टेकून बसलो होतो. मला वाटलं, हा माणूस आता काही बोलेल, पाणी तरी देईल.

तो म्हणाला, “दादा, तुमी मशीन काहून बंद केली? गोऱ्हे चालले होते चांगले. एकदम आवाज गेला आन बावचळले. तुमच्यापायी हारलो.”

मी त्याला सांगितलं की पुतण्या ढोलाचा तवा लावत होता. तो म्हणाला, लावू द्यायचा होता, ढोल असो का काही असो, माझे गोऱ्हे मी धरले असते.

“आदल्या सालच्यानंही धरलेच होते,” मी म्हणालो. “धरले होते म्हणूनच मले विळा चालवा लागला.”

त्याच्या मनगटावरचं कातडं सोलून निघालं होतं, कासऱ्याच्या पिळाचे लाल वळ कोपरापर्यंत होते. त्यानं तिकडं पाहिलं, मग बाही खाली ओढली आणि निघून गेला. पाणी दिलं नाही. मला त्याचा राग नाही. हरलेल्या धुरकऱ्याला त्या दिवशी कोणी शहाणपण विचारू नये. पण त्याचं म्हणणं चुकीचं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

मला एका बंडीत टाकून गावात आणलं. दिवस मावळत होता. बायकोनं पाठीतल्या भोकात हळद आणि गोडं तेल भरलं, करंगळीला बांबूची काडी लावून चिंधीनं बांधली. ती रडली नाही, पण बांधताना मुद्दाम जोरात ओढत होती. तेवढ्यात मालकाचा गडी निरोप घेऊन दारात आला. मांडीला फडकं बांधून लंगडत आला, म्हणजे ज्याला मी चावलो तोच. निरोप असा होता की झालं ते झालं, मालकाच्या मनात काही नाही, उद्या दुपारी जिंकल्याची पंगत आहे, मशीन मालक दुरुस्त करून देतील, फक्त मी तिथं येऊन सर्वांसमोर तो तवा आपल्या हातानं लावावा.

मी गड्याला मांडी कशी आहे ते विचारलं. तो म्हणाला, दुखते. मी म्हणालो, दुखली पाहिजे. मालकाच्या निरोपावर मी त्याच्याकडं पाठ फिरवली.

तो गेल्यावर बायको म्हणाली की सकाळी मशीन घेऊन साकोलीला जा, तिथं दुरुस्तीवाला आहे, पण गावातून जाऊ नका. पाळीच्या मागून वाट आहे, कोणाला दिसणार नाही. “त्याच्या दारावरून गेले तर तो थांबवील. आन तुमाले थांबवलं का तुमी बोलता. आता एकच डोळा उरला आहे तुमचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधली. तुटलेली दांडी खिशात घातली. एका हातानं सायकल धरता येत होती, बसता येत नव्हतं, म्हणून ढकलत निघालो. पाळीमागची वाट डावीकडं होती. मी उजवीकडं वळलो.

मालक ओट्यावर बसून कडुनिंबाची काडी चावत होता. आत अंगणात पंगतीसाठी चुली खणत होते. पुतण्या खांदा बांधून खाटेवर पडलेला, तोंड सुजून इतकं झालेलं की मला आधी तो ओळखूच आला नाही. मालकानं काडी तोंडातून काढली.

“कुठी जाऊन राहिला?”

“साकोलीले.”

“आज पंगत आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणालो, आणि सायकल न थांबवता, घाई न करता, त्याच्या ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेली. पाठीतून हळदीचं पाणी गळून बनियनला चिकटलं होतं. तो मागून पाहत होता, आणि त्याला नीट पाहता यावं म्हणून मी ते बनियन बदललं नव्हतं.